आत किती?

मुनीर, नगरच्या दवाखान्यात तू बारा दिवस होतास. त्यातले सहा दिवस मी तुला फोनवर खोटे आकडे सांगितले. सदतीस, एकेचाळीस, अडतीस, पुन्हा अडतीस, चव्वेचाळीस, एकोणचाळीस. खरा आकडा सहाही दिवस शून्य होता. वहीत दोन्ही आहेत, डावीकडे खरा, उजवीकडे तुला सांगितलेला. गावाच्या पाण्याच्या टाक्यांची पातळी लिहिणं हे माझं रोजचं काम. बावीस वर्षं तेच करतोय. उजवीकडचा असा रकाना मी एकदाच आखला, तो तुझ्यासाठी.

तू गेल्याला आज सतरावा दिवस. तू कोण होतास, पाण्याच्या किती जळालेल्या मोटारी पुन्हा बांधल्यास, मागे कोण कोण आहे, हे लिहिण्यासाठी मी बसलेलो नाही. ते सगळ्या जामखेडला माहीत आहे. त्या सहा आकड्यांचं काय झालं ते तुला सांगायचं आहे.

तुझ्या दुकानात तो संगणक मी पहिल्यांदा पाहिला तो दिवस आठवतो. खाली तांब्याच्या तारेची भेंडोळी, भिंतीला टेकून जळालेल्या पाणबुडी मोटारी, वार्निशचा वास, आणि वरच्या फळीवर, जिथं आधी तुझा रेडिओ असायचा, तिथं भंगारातून आणलेला एक काळा डबा घरघरत होता.

“हे काय?”

“वही हाय.”

“कुणाची?”

“सगळ्यांची,” तू म्हणालास आणि मोटारीच्या खाचेत तार बसवत राहिलास.

मग तू समजावलंस. बिटकॉइनचा व्यवहार ज्या वहीत चढतो ती कुठल्या एका बँकेत नसते. जगभर हजारो लोकांच्या घरी तिची पूर्ण प्रत असते, पहिल्या पानापासून आजच्या पानापर्यंत. साधारण दर दहा मिनिटांनी नवं पान तयार होतं आणि ही यंत्रं ते एकमेकांना देतात. प्रत्येक यंत्र स्वतः तपासतं, चुकीचं असेल तर घेत नाही. वर कुणी साहेब नाही. एवढी मोठी वही आणि तिचा कुणी कारकून नाही, हे मला पटेना. मी कारकूनच आहे.

“तुझ्याकडे किती आहेत ती नाणी?” मी विचारलं.

“एक बी न्हाई. घ्यायचं म्हणलं तर सट्ट्यासारखं वाटतं मला. वही ठेवायला काय हरकत हाय?”

गावात बातमी पसरली तशी माणसं दुकानात डोकवायला लागली. मोटार घेऊन आलेला माणूस हळूच विचारायचा, “मुनीरभाई, भाव वाढणार का?” तू मान वर न करता म्हणायचास, “तांब्याचा? वाढणारच.” एकजण चिडून म्हणाला, तुम्ही लोकांना लपवून पैसे करताय. तू म्हणालास, “ज्याला विकायचं असतं तो पाटी लावतो. माझी पाटी वाचा. मोटार रिवाइंडिंग.”

संगणकाच्या पडद्यावर कोपऱ्यात दोन आकडे असायचे, बाहेर आणि आत. बाहेर म्हणजे तुझ्या यंत्रानं स्वतः जाऊन जोडलेले शेजारी. ते नेहमी दहा. आत म्हणजे तुझा पत्ता शोधत तुझ्याकडे आलेले. ते नेहमी शून्य. तू एक शंभर पानी वही आणलीस आणि मला म्हणालास, “दत्ता, तुझा हात चांगला हाय. रोज येता-जाता लिही.” मी लिहायला लागलो. अकरा महिने एका रकान्यात दहा आणि दुसऱ्यात शून्य. मला त्यात काही वाईट दिसत नव्हतं. यंत्र चालू होतं, पानं येत होती. तू मात्र त्या शून्याकडे असं बघायचास की जणू घरी लग्न आहे आणि कुणी आलंच नाही.

“आपण दहा जणांच्या दारात जाऊन मागून आणतो,” तू म्हणायचास. “आपल्या दारात कुणी येत न्हाई. हे घेणं झालं. वही ठेवणं न्हाई झालं.”

कारण तूच शोधून काढलंस. आपल्याकडची इंटरनेटची लाइन बऱ्याच घरांना मिळून बाहेर एकच पत्ता दाखवते. आतून हाक मारली तर उत्तर येतं, पण बाहेरच्याला तुझंच दार कुठलं ते कळत नाही. तू राउटरमध्ये वाटा उघडल्यास, त्या उघडून उपयोग नव्हता, कारण पुढचं मोठं दार तुझं नव्हतंच. मोबाईलच्या सिमवर करून पाहिलंस. हिंदीतले कितीतरी व्हिडिओ पाहिलेस, थांबवून थांबवून, एका हातात पक्कड घेऊन. शेवटी लाइनवाल्या संतोषकडे गेलास. मी बरोबर होतो.

“मला माझा सोताचा पत्ता पायजे. बाहेरून दिसणारा. कायमचा.”

“कॅमेरा लावायचाय का दुकानात?”

“न्हाई.”

“मग कशाला पायजे? कोन येनार हाय तुमच्याकडं?”

“कोन येतंय तेच बघायचंय.”

संतोष हसला आणि म्हणाला, तसा पत्ता मोठ्या ऑफिसांना देतात, वर विचारावं लागेल. दोन महिने तो विचारतच होता. मग त्याच्या शेतातली मोटार ऐन उन्हात जळाली. तू ती एका दिवसात बांधून दिलीस आणि बिल विचारलं तर म्हणालास, “मोटार झाली. आता माझं दार दे.” चौथ्या दिवशी पत्ता मिळाला.

त्या दुपारी तू मला टाकीवर फोन केलास. एवढंच म्हणालास, “आला रे.” मी सायकलवर आलो. आत: एक. पत्त्यावरून देश काढायचं तू शिकला होतास. तो माणूस नॉर्वेत कुठंतरी होता. त्याच्या नावासमोर पानाचा आकडा शून्य दिसत होता. म्हणजे त्यानं आजच यंत्र चालू केलं होतं, त्याच्याकडे वही कोरी होती, आणि पहिल्या पानापासून तो जी पानं गोळा करत होता त्यातली काही जामखेडच्या मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून चालली होती. आपण दोघं उभे होतो. गिऱ्हाईक आलं, थोडं थांबलं, गेलं. तू तारेचं रीळ हातात धरून होतास आणि रडत होतास, आणि तुला ते माहीत नव्हतं.

मुनीर, माझा देवाधर्माचा हिशेब साधा आहे आणि मी फार भारावणारा माणूस नाही. पण ज्याला आपण कधी भेटणार नाही, ज्याला आपलं नाव कळणार नाही, तो इतक्या लांबून येऊन आपल्या फळीवर हात ठेवतो आणि हवं ते घेऊन जातो, आणि आपल्याला त्यात दिल्याचंही कळत नाही. हे पाहताना माझ्या अंगावर काटा आला होता. आठवलं की तो काटा अजून येतो.

तरी वाद संपला नाही. मी म्हणायचो, अशी हजारो यंत्रं आहेत, तुझं एक नसेल तर कुणाचं अडणार आहे? तू म्हणायचास, “तू एक दिवस टाकी न्हाई लिवली तर कुणाचं अडतं?” मी म्हणायचो, अडतं, दुसऱ्या दिवशीचा वापर काढता येत नाही. तू हसायचास आणि मला उत्तर मिळाल्यासारखं करायचास. मला ते मिळालेलं नव्हतं.

मोहरममध्ये तुझ्या दुकानापुढे सबील लागायची. तीन रांजण, वर ओलं फडकं, साखळीला बांधलेले पेले, येईल त्याला पाणी, दुपारनंतर सरबत. एका वर्षी पाणी फार ओढीचं होतं. नळ किती दिवसांनी येईल ते मलाही सांगता येत नव्हतं. मी तुला म्हणालो की रांजणाला तोटी बसव, आपोआप बंद होणारी. पेल्यातलं निम्मं पाणी लोक टाकून देतात, मी बसून मोजलं आहे. तू म्हणालास, “दत्ता, सबीलीवर बसून पेले मोजणारा तू पयला असशील.” आणि तोटी काही बसवली नाहीस. ते यंत्रही सबीलच आहे असं तू पुढे म्हणायला लागलास. मी म्हणायचो, सबील दहा दिवस असते, हे बारा महिने आहे. हा वाद तिथंच राहिला.

मग छातीत दुखलं आणि तुला नगरला नेलं. भाभी आणि तुझा मुलगा तुझ्याबरोबर गेले. घरी अम्मी एकट्या, म्हणून माझी बायको सुनंदा त्यांच्याकडे झोपायला जायची. दुकानाची किल्ली तू माझ्याकडे दिलीस आणि रोज संध्याकाळी फोन करायचास. पहिला प्रश्न तब्येतीचा मी विचारायचो. तुझं उत्तर एका शब्दात, की लगेच तुझा प्रश्न, “आत किती?”

चार दिवस मी खरं सांगितलं. पस्तीस, छत्तीस, चौतीस, एकोणचाळीस.

पाचव्या दिवशी तुझ्या फोनच्या वेळेला अम्मींनी तुला व्हिडिओवर बघायचं म्हटलं. सुनंदानं फोन लावून दिला. तुझा चेहरा अर्धा यायचा आणि थांबायचा, चौकोन चौकोन व्हायचे. ऐंशी वर्षांची बाई फोन पुसत होती पदरानं. “काच खराब हाय का?” विचारत होती. घराला लागूनच दुकान, दोन्हीकडे लाइन एकच, म्हणून मी दुकानात गेलो आणि आकडे पाहिले. आत येणारी माहिती थोडीशी, बाहेर जाणारी तिच्या कितीतरी पट. रात्रंदिवस. मी आयुष्यभर एकच गोष्ट शिकलोय, मुनीर. टाकीत येतं त्यापेक्षा जास्त बाहेर जात असेल तर कुठंतरी फुटलंय. आधी व्हॉल्व्ह बंद करायचा, मग फुटलेलं शोधायचं. आपल्याकडे वाढलेला कुणीही तेच करेल. तू उघडलेली राउटरमधली वाट मी पुसून टाकली, राउटर बंद करून चालू केला. पाच मिनिटांत अम्मींना तुझा चेहरा स्वच्छ दिसला. “दाढी वाढलीय,” त्या म्हणाल्या. मला वाटलं, मी काम चोख केलं.

दुसऱ्या दिवशी आत शून्य होतं. तेव्हा कळलं की फुटलेलं काही नव्हतं. ते जाणं म्हणजेच तुझं देणं होतं.

संध्याकाळी तुझा फोन आला. आवाज फार बारीक. “आत किती?” मी वहीकडे बघत होतो, त्यात शून्य लिहिलेलं होतं, आणि मी म्हणालो, “सदतीस.” तू थोडा थांबलास. मग म्हणालास, “माशाल्ला. मी घरी न्हाई तरी एवढी मान्सं आली.”

खोटा आकडा करायला खऱ्यापेक्षा जास्त वेळ लागतो, हे मला त्या आठवड्यात कळलं. रोज तोच सांगितला तर संशय येईल, फार वाढवला तर येईल. दुपारपासून मी विचार करत बसायचो. एकदा अडतीस दोनदा सांगितला, कारण खऱ्यातही तसं होतं. वाट पुन्हा उघडावी असं रोज वाटायचं, पण उघडली की अम्मींच्या फोनवर पुन्हा चौकोन येतील, हे एक. दुसरं म्हणजे ती कशी उघडतात ते मला येत नव्हतं. पुसायला एक बटण होतं. लिहायला चार आकडे लागत होते आणि ते तुला विचारायचे म्हणजे कबूल करायचं होतं. तू घरी आल्यावर सांगू असं मी ठरवलं होतं.

बाराव्या दिवशी सकाळी मुलाचा फोन आला.

त्यानंतर मी दुकान उघडलं नाही. किल्ली खिशात असायची. यंत्र आत चालूच होतं. दहाव्याच्या दिवशी तुझ्या घरी आलो तेव्हा भाभींनी आतून हाक मारली. इद्दतीत आहेत, नवऱ्यामागे चार महिने दहा दिवस परक्या पुरुषासमोर येत नाहीत, आतल्या दाराच्या पडद्याआडून बोलतात. म्हणाल्या, “दत्ताभाऊ, दुकान उगडंना का तुमी?”

मी म्हणालो, “भाभी, मी मुनीरशी खोटं बोललो.” आणि सगळं सांगितलं. सहाही आकडे सांगितले.

मग त्या म्हणाल्या, “त्यांना ठावं हुतं.”

तुझ्या मोबाईलवर इंटरनेटचं एक पान होतं, त्यात आपला पत्ता घातला की ते बाहेरून दार ठोठावून बघतं आणि उघडं की बंद ते सांगतं. तूच मला एकदा दाखवलं होतंस. मी विसरलो होतो.

“रोज ठोकून बघायचे,” भाभी म्हणाल्या. “बंद आलं की मला दाखवायचे. आन् मग तुमाला फोन लावायचे. फोन ठिवला की हसायचे. म्हनायचे, आज चव्वेचाळीस म्हनला, लई मन लावून खोटं बोलतो. मी म्हनलं, मग सांगा की त्यास्नी. तर म्हनले, अम्मीला माझं तोंड दिसावं म्हनून त्यानं दार लावलंय. लावू दे. त्याला बोलायचं न्हाई कुनी. घरी गेल्यावर दोघं मिळून उगडू, त्याला एकट्याला जमायचं न्हाई.”

मुनीर, मी तिथंच दाराच्या उंबऱ्याजवळ खाली बसलो. अकरा महिने तू त्या एका आकड्यासाठी वाट पाहिलीस. तो शून्य झाला हे तुला दिसत होतं, तुझा श्वास पुरत नव्हता, आणि तू रोज न चुकता मला विचारत राहिलास, मी सांगेन तो आकडा घेत राहिलास आणि माशाल्ला म्हणत राहिलास. मी तुला सांभाळत होतो असं मला वाटत होतं. माझ्या मापात न बसणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत. एक माझ्या गल्लीत मोटारी बांधत होता, आणि मी त्याच्याशी पेल्यांवरून वाद घालत होतो.

तू सांगितलेली एक गोष्ट मला आठवली. ही यंत्रं एकमेकांना पत्तेही सांगतात. एखादा पत्ता महिनाभर कुणालाच भेटला नाही तर हळूहळू सगळ्यांच्या यादीतून निघून जातो. मी दिवस मोजले. दार लावून सतरा दिवस झाले होते. राहिले तेरा.

त्याच दुपारी दुकान उघडलं. तुझ्या हस्ताक्षरातला एक कागद फळीला खालून चिकटवलेला सापडला, त्यावर ते चार आकडे. ते घातले. संध्याकाळपर्यंत शून्य. दुसऱ्या दिवशी शून्य. मग लक्षात आलं की मी राउटर बंद-चालू केला तेव्हा घरातल्या वस्तूंचे आतले क्रमांक बदलले होते, आणि तुझ्या यंत्राचा जुना क्रमांक टीव्हीला गेला होता. मी जगभरातली माणसं एक अख्खा दिवस तुमच्या टीव्हीकडे पाठवत होतो. भाभींना सांगितलं.

“टीव्हीला काय इचारत्यात ते?”

“पानं मागतात.”

“सीरियल दाखवली आसंल त्यानं.”

तू गेल्यानंतर त्या घरात कुणी हसलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

क्रमांक दुरुस्त केला, आणि पुन्हा हलू नये म्हणून त्या यंत्राला कायमचा बांधून टाकला. तुझ्या त्या ठोठावण्याच्या पानावर पाहिलं. उघडं. तरी आत शून्यच. दुसरा दिवस अर्धा गेला. मला वाटलं, विसरले. दुपारी टाकीवरून येऊन डबा तिथंच उघडला, तुझ्या स्टुलावर बसून. भाकरीचा पहिला तुकडा मोडला आणि वर पाहिलं तर एक.

पत्त्यावरून देश काढायला मला येत नाही. कुणी असेल. त्यानं तुझा पत्ता जपून ठेवला होता, किंवा कुणीतरी त्याला सांगितला होता. तू गेलास हे त्याला माहीत नव्हतं. दार बंद होतं एवढंच त्याला कळलं असेल, आणि तो परत आला. मी जेवलो नाही. उभा राहिलो. तू रीळ धरून उभा होतास तिथंच.

सेटिंगमध्ये एक रकाना मिळाला मला, दिवसाला जास्तीत जास्त किती बाहेर द्यायचं त्याची मर्यादा घालायचा. असा रकाना मला आधी सापडला असता तर दार लावावंच लागलं नसतं. तासभर त्याच्यापुढे बसलो. मग रिकामा ठेवला. अम्मी आता कुणाला व्हिडिओ लावत नाहीत.

यंत्राचं काय करायचं ते भाभींना विचारलं. मुलगा मोटारी बांधणार आहे, दुकान चालेल. पण तो डबा ठेवायचा की नाही हे मी ठरवणं बरं नव्हतं. त्या म्हणाल्या, “बंद करायचं आसतं तर त्यांनी तुमाला किल्ली दिली आसती का?” तेवढ्यावर तो विषय संपला. मोहरमला रांजणही लागतील असं त्या म्हणाल्या. तोटी बसवणार नाही. मी विचारलेलंही नाही.

आता मी रोज संध्याकाळी तुझ्या फोनच्या वेळेला जातो. काल दुकानात वही उघडली तर घराकडच्या दाराच्या पडद्यामागून आवाज आला.

“दत्ताभाऊ, आत किती?”

“नऊ, भाभी.”

“खरं का?”

“खरं.”

“व्हय, नऊच हाय. तुमी यायच्या आदी बघून गेले मी. काय सांगताय ते ऐकायचं हुतं.”

मुनीर, उजवीकडचा रकाना मी पट्टीनं रेघ मारून बंद केला आहे. ते सहा आकडे खोडलेले नाहीत. ते तू घेतलेले आहेत, म्हणून तसेच राहतील. हे लिहिण्याआधी दुकानातून येताना आजचं पाहून आलो. पानं आजपर्यंत पूर्ण. बाहेर दहा. आत चौदा. त्यातल्या एकाची वही कोरी आहे, तो पहिल्या पानापासून मागतोय.